ऐंशी किलोमीटरची मुदत

रनफ्लॅट टायर पंक्चर होत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे गाडीमालक पुष्कळ भेटतात. होतो. साध्या टायरइतकाच होतो, त्याच खिळ्याने आणि त्याच स्क्रूने. फरक पडतो तो त्यानंतर. साधा टायर बसला की गाडीही जागच्या जागी बसते. रनफ्लॅट बसला तरी गाडी चालत राहते, मात्र चालता चालता तो टायर स्वतः संपत जातो. ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून ८० किलोमीटर, ही या टायरची सर्वसाधारण मुदत. तेवढ्यात टायरवाला गाठायचा. गाठल्यावर तोच टायर दुरुस्त करायचा, तसाच दुसरा आणायचा, की रनफ्लॅटचा नाद सोडून साध्या टायरवर यायचं, हा खरा खर्चाचा आणि डोकेदुखीचा प्रश्न.

त्याचं उत्तर टायरच्या पोटात आहे. मध्यम आकाराच्या सेडानच्या एका चाकावर साधारण ४०० किलो भार येतो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल, तर रस्त्याला टेकलेला भाग भरतो जेमतेम १८० चौरस सेंटिमीटर. बोटं पसरलेल्या पंजाएवढा. एवढ्याशा जागेवर ४०० किलो तोलून धरते ती मुख्यतः कोंडलेली हवा. रबर, आतले दोरे आणि पोलादी तारा हवेला निसटू देत नाहीत, एवढंच त्यांचं मोठं काम. हवा गेली की साध्या टायरच्या बाजूच्या भिंती, ज्यांना सगळे साइडवॉल म्हणतात, दुमडतात आणि रिम त्यांना रस्त्यावर चिरडत जाते. शे-दोनशे मीटरमध्ये टायर कामातून जातो.

रनफ्लॅटमध्ये दोन्ही साइडवॉलच्या आतल्या अंगाला टणक रबराची चंद्रकोरीच्या आकाराची जाड पट्टी असते. हवा असते तोवर ती नुसती वजन वाढवते आणि गाडीला थोडी कडक करते. हवा गेली की भार तिच्यावर येतो. आता थोडं गणित करू. २२५/४५ आर १७ मापाच्या टायरचा घेर सुमारे दोन मीटर. ताशी ८० च्या वेगाने जाताना साइडवॉलचा प्रत्येक भाग सेकंदाला ११ वेळा खाली येऊन दबतो आणि पुन्हा सरळ होतो. ८० किलोमीटरमध्ये असे ४० हजार दाब. प्रत्येक वेळी रबर वाकवायला लागलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, काही आतच उष्णता होऊन राहते. पट्टीसाठी कमी तापणारं रबर निवडतात, दोरे उष्णतेला दाद न देणारे वापरतात, पण तापणं थांबत नाही. तापत तापत रबर आणि दोऱ्यांची पकड सुटू लागते. मुदत संपते म्हणजे ही पकड संपते.

म्हणून ८० हा आकडा दगडावरची रेघ धरू नये. २००० नंतरच्या दशकात बीएमडब्ल्यूच्या गाड्यांसोबत येणाऱ्या पुस्तिकेत हवा पूर्ण गेल्यावरची मर्यादा भारानुसार वेगवेगळी दिलेली असे. गाडीत एक-दोघं आणि सामान नाही, तर सुमारे २५० किलोमीटर. मध्यम भाराला १५०. गाडी पूर्ण भरलेली असेल तर ५०. पाच माणसं, डिकी गच्च, मे महिन्याची दुपार आणि समोर घाट, अशा वेळी यातला कुठला आकडा धरायचा हे उघड आहे.

ही कल्पना कुठून आली, तेही पाहिलं पाहिजे, कारण जुन्या रनफ्लॅटचं जिथे घोडं अडलं तिथेच आजही अडतं. मोटारी नवीन होत्या तेव्हा पंक्चर रोजचंच होतं आणि चालकाला रस्त्यातच टायर उतरवून ट्यूब जोडावी लागे. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी ‘स्टेपनी स्पेअर व्हील’ काढलं. आरे नसलेली, हवा भरलेला टायर चढवलेली एक रिम, जी पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला क्लॅम्पने आवळायची. पुढे पूर्ण सुटं चाकच गाडीत आलं आणि कित्येक दशकं कुणाला त्याहून बरं सुचलं नाही.

१९७० नंतरच्या दशकात डनलॉपने ‘डेनोव्हो’ आणला. त्याच्या आत वंगणाच्या कुप्या असत. हवा गेली की त्या दाबाने फुटत, वंगण आत पसरे, घर्षण कमी होई आणि भोकही थोडंफार बुजे. मिनी १२७५ जीटीसारख्या गाडीवर तो मिळत होता. टायर म्हणून कल्पना हुशारच होती. पण त्याला वेगळी रिम लागे, वेगळं माप लागे आणि तो बदलायला ठरावीक ठिकाणीच जावं लागे. मिशेलिनच्या ‘पॅक्स’चीही तीच गत. त्यात टायरच्या पोटात रिमभोवती एक टणक कडं बसवलेलं होतं. हवा गेल्यावर टायर त्या कड्यावर टेकायचा आणि गाडी २०० किलोमीटरपर्यंत जायची. अमेरिकेत होंडा ओडिसीच्या महागड्या मॉडेलवर तो आला. टायर घासला की मालकाला कळायचं, की हा उतरवायचं यंत्र असलेलं दुकान आपल्या गावात नाही. काही वर्षांत मिशेलिनने त्याचा विकास थांबवला.

टिकला तो जाड साइडवॉलवाला, कारण तो साध्याच प्रकारच्या रिमवर आणि साध्याच यंत्रावर चढतो. १९९७ ची शेव्हरले कॉर्व्हेट गुडइयरच्या अशा टायरवर, स्टेपनीशिवाय विकली गेली. २००५ च्या ३ सिरीजपासून बीएमडब्ल्यूने तो सरसकट बसवायला सुरुवात केली आणि हा प्रकार हौशी मंडळींपुरता न राहता ऑफिसला जाणाऱ्यांच्या गाडीखाली आला. मोटारवेच्या कडेला, भरधाव ट्रकच्या वाऱ्यात उभं राहून चाक बदलणं हे युरोपात जिवावर बेतणारं काम, ते टळलं. कंपनीचाही फायदा झाला: स्टेपनीचा खड्डा गेला, जॅक गेला, पाना गेला, तेवढं वजन आणि जागा वाचली. आणि जर्मनीत ८० किलोमीटरच्या टप्प्यात योग्य मापाचा टायर ठेवणारं दुकान सापडतंच.

आपल्याकडे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा. कुठेही टायर बसला तरी एका टोकाचं मोठं शहर मुदतीत येतं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. वाशिमच्या आसपास संध्याकाळी सातला टायरच्या दाबाचा दिवा लागला, तर ८० किलोमीटरमध्ये पंक्चरवाला नक्की मिळेल. तुमच्या मापाचा रनफ्लॅट मिळेल का, हा प्रश्न वेगळा. कणकवलीत, आंबोलीत, चंदगडात तोच प्रश्न. टायर जर्मनीतला आहे तसाच आहे, मुदत संपते ते ठिकाण मात्र निराळं.

आता दुरुस्ती. इथे लोक पहिल्यांदा विचारतात, भोक कुठे आहे? तेही विचारायचंच, पण त्याआधी विचारावं: हवा गेल्यावर गाडी किती चालली?

समजा, सकाळी गाडी सुरू करताच डॅशबोर्डवर टायरच्या दाबाचा पिवळा दिवा लागला. तुम्ही थांबलात, गेज लावला, काटा २४ वर. ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, खिळा दिसतोय. तुम्ही हवा भरली आणि हळू जाऊन दुकान गाठलं. हा टायर हवेशिवाय चाललाच नाही. भोक ट्रेडच्या मधल्या भागात असेल, सहा मिलिमीटरपेक्षा मोठं नसेल, तर तो दुरुस्त होण्यासारखा आहे, रनफ्लॅट असला तरी. दुसरीकडे, हायवेवर दिवा लागला, तुम्ही म्हणालात बघू पुढे, आणि शून्य दाबावर चाळीस किलोमीटर काढले. भोक तेच, खिळाही तोच, पण टायर आता वेगळा आहे.

गोम अशी, की बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. साधा टायर हवेशिवाय चालला तर त्याची साइडवॉल सोलवटते, गोल पट्टा उमटतो, आंधळ्यालाही कळेल. रनफ्लॅटची साइडवॉल बाहेरून काही बोलत नाही. रस्त्याकडेचा पंक्चरवाला चाक गाडीला असतानाच पक्कडीने खिळा उपटतो, भोकात खरबरीत सळई फिरवतो, चिकट रबरी स्ट्रिप सुईत ओवून आत दाबतो, वरचं टोक ब्लेडने छाटतो आणि थुंकी लावून बुडबुडा येत नाही हे दाखवतो. दहा मिनिटांचं काम, आणि हवा खरोखर थांबते. पण टायरचं पोट कुणी पाहिलेलंच नाही.

म्हणून टायर उतरवायला लावावा. रनफ्लॅट उतरवणं हे हातपान्याचं काम नाही. साइडवॉल इतकी ताठ असते, की टायरची कड रिमच्या खोबणीतून सोडवायला यंत्राला जादा दाबणारा हात लागतो. तो नसलेल्या दुकानात ओढाताण होते आणि मग कड फाटते, रिमवर ओरखडे पडतात किंवा व्हॉल्व्हजवळ बसवलेला दाबाचा सेन्सर तुटतो. आधी विचारून घ्यावं, “दादा, रनफ्लॅट करता का?” जो खरंच करतो, तो गाडीकडे न बघता आधी टायरवरची अक्षरं वाचतो.

उतरवलेला टायर उभा धरून आत दिवा मारा. न दुखावलेल्या टायरचं अस्तर गुळगुळीत, एकसारखं काळं असतं. हवेशिवाय चाललेल्या टायरमध्ये तळाशी काळी भुकटी साचलेली असते, रबर घासून पडलेली. चिमटीत घेतली तर बोटं काजळी लागल्यासारखी होतात. साइडवॉलच्या मध्यावर बोट फिरवलं तर गोलाकार सुरकुत्या लागतात. कुठे अस्तर निळसर पडलेलं असतं, कुठे चिरलेलं, आणि फार चाललेला असेल तर चिरेतून दोरे डोकावतात. यातलं एकही लक्षण दिसलं, की दुरुस्तीचा विषय संपला. बाहेरून तो टायर कितीही नवा वाटू दे, पुढच्या वेळी ताशी शंभरच्या वेगाला भिंत दगा देईल. टायरवाला म्हणेल, “साहेब, बटणं तर अजून अख्खी आहेत, टाकून कशाला देता?” बटणं अख्खी असतात हे खरं. मेलेली असते ती भिंत.

आत सगळं ठीक असेल तर भोकातून रबरी दांडा आणि आतून पॅच असा एकत्र तुकडा, ज्याला दुकानात मशरूम म्हणतात, तो बसवून घ्यावा. दांड्याने भोकातून पाणी शिरत नाही, पोलादी तारा गंजत नाहीत. पॅच हवा धरतो. टायर कंपन्यांचं मात्र यावर एकमत नाही. काही कंपन्या अटी घालून एक दुरुस्ती मान्य करतात, काही रनफ्लॅट दुरुस्तच करू नका म्हणतात, काही दुरुस्तीनंतर टायरवरची वेगमर्यादा ग्राह्य धरत नाहीत. त्यामागे सावधपणा आहे. थोडा व्यापारही असेल. मी स्वतः दिवा लागल्यावर लगेच थांबलेल्या, आतून स्वच्छ निघालेल्या टायरला मशरूम लावून वापरायला कचरणार नाही. शून्यावर चाललेला टायर मात्र फुकट दुरुस्त करून दिला तरी नको.

साइडवॉलमधलं भोक आणि साइडवॉलला आलेला फुगा यांना दुरुस्तीच नाही. फुगा येतो तो बहुतेक खड्ड्याने. टायर खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात चिमटला की आतले दोरे तुटतात आणि तेवढ्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते. रनफ्लॅटची भिंत ताठ, त्यात ४० किंवा ४५ च्या बुटक्या मापाची. खड्ड्याचा दणका ती पचवत नाही, रिमकडे पाठवते. अलॉयची रिम वाकणं, तडकणं ही या गाड्यांच्या मालकांची आपल्याकडची जुनी रड आहे. रिम वाकली की हवा हळूहळू गळते, आणि मालक आठवडाभर टायरमध्ये पंक्चर शोधत बसतो.

बदलायचाच झाला तर एकटा टायर बदलू नये, निदान एका अ‍ॅक्सलवरची जोडी बदलावी. एका बाजूला रनफ्लॅट आणि दुसऱ्या बाजूला साधा, हे तर कधीच नको. दोन भिंतींचा ताठरपणा वेगळा, आणि ब्रेक मारताना किंवा वळणावर गाडी तो फरक दाखवते. काही गाड्यांची पुढची आणि मागची मापंही वेगळी असतात, त्यामुळे पुढचे मागे फिरवण्याची सोय नाही. टायरवरची अक्षरं कंपनीगणिक बदलतात: ब्रिजस्टोन आरएफटी लिहितं, गुडइयर आरओएफ, कॉन्टिनेंटल एसएसआर, मिशेलिन झेडपी. बीएमडब्ल्यूने मान्य केलेल्या टायरवर छोटी चांदणी असते. तारखेचे चार आकडेही वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी खपणारी मापं दुकानात वर्षानुवर्षं पडून असतात, आणि ‘नवा’ म्हणून तीन वर्षं जुना टायर गळ्यात पडू शकतो.

ही मापं मुळात मिळत का नाहीत, याला एक सरकारी कारणही आहे. जून २०२० मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने मोटारींचे नवे टायर आयात करणं ‘मुक्त’ यादीतून काढून ‘निर्बंधित’ यादीत टाकलं. आयात करायची तर परवाना हवा. देशी टायर उद्योगाला त्यातून बळ मिळालं. ज्यांच्या गाडीचा टायर बाहेरूनच येत होता, त्यांना मात्र हव्या त्या मापासाठी वाट पाहायची पाळी आली.

इथूनच बरेच जण साध्या टायरकडे वळतात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. रनफ्लॅटसाठी केलेल्या रिमवर टायरची कड निसटू नये म्हणून थोडा जास्त उंचवटा असतो. तीवर त्याच मापाचा साधा ट्यूबलेस टायर बिनदिक्कत बसतो. माप तेच ठेवावं आणि भाराचा, वेगाचा निर्देशांक गाडीला सांगितलेल्यापेक्षा कमी घेऊ नये. ९१ डब्ल्यू असेल तर ९१ म्हणजे टायरमागे ६१५ किलो आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७०. कुणी त्या वेगाने जाणार नाही, पण ते अक्षर टायर किती उष्णता सोसेल हेही सांगतं. चारही एकदम बदलावेत. विमा कंपनीला कळवावं, पुढे वाद नको.

बदलल्यावर पहिला फरक जाणवतो तो खराब रस्त्यावर. पुलाच्या सांध्यावरचा ठणका मऊ होतो, चाक हलकं होतं, आवाज घटतो. स्टिअरिंग किंचित सैल वाटेल, कारण गाडीचं सस्पेन्शन ताठ भिंती गृहीत धरून जमवलेलं असतं. वेगाने वळणं घेण्याची हौस असलेल्यांना ते खुपतं. रनफ्लॅटच्या पुढच्या पिढ्या पहिल्यांपेक्षा बऱ्याच मऊ झाल्या आहेत, हेही सांगितलं पाहिजे. २००५ च्या आठवणीवर आजच्या टायरला नावं ठेवू नयेत.

पण साध्या टायरवर आलात म्हणजे मुदत संपली. आता हवा गेली की तिथेच थांबायचं, आणि तुमच्या डिकीत काही नाही. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालेल असं ठरलं. कायद्याला चालेल, आंबोलीच्या घाटात पावसात भिंत चिरली तर तुम्हाला चालेल का, ते तुम्ही ठरवायचं. बाटलीतला चिकट द्रव ट्रेडमधलं छोटं भोक बुजवतो, चिरलेल्या भिंतीपुढे त्याचं काही चालत नाही. शिवाय त्याला मुदत असते, आणि उन्हात तापणाऱ्या डिकीत कुणी ती तारीख बघायला जात नाही. तो वापरला असेल तर टायरवाल्याला आधी सांगावं, म्हणजे सेन्सर पुसून घेईल आणि टायर सोडवताना तोंडावर चिकटा उडणार नाही.

शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला बारा व्होल्टचा हवेचा पंप, स्ट्रिपचा संच आणि रस्त्यावर मदतीला येणाऱ्याचा फोन नंबर पुरे. कोकण, मराठवाडा, विदर्भ करणाऱ्याने डिकीतली जागा गेली तरी चालेल, पण बारीक स्टेपनी घ्यावी. ती घेताना बोल्टचं अंतर आणि मधलं छिद्र जुळतंय एवढं पाहून भागत नाही. ब्रेकच्या कॅलिपरला रिम घासत नाही ना, हे प्रत्यक्ष पुढच्या चाकाच्या जागी बसवून पाहावं. गाडीला दाबाची यंत्रणा अप्रत्यक्ष पद्धतीची असेल, म्हणजे एबीएसच्या सेन्सरवरून चाकांचे फेरे मोजून हवा ओळखणारी, तर नवे टायर चढवून हवा भरल्यावर ती पुन्हा शून्यापासून शिकवावी लागते. नाही शिकवली तर दिवा उगाच लागतो, आणि दोनदा उगाच लागलेल्या दिव्याकडे तिसऱ्यांदा कुणी बघत नाही.

उलट वाटेने जाणारेही असतात: साध्या टायरच्या गाडीला हौसेने रनफ्लॅट घालणारे. दाबाची यंत्रणा नसलेल्या गाडीत हे करू नये. बसलेला रनफ्लॅट बाहेरून भरलेल्यासारखाच दिसतो. दिवा नसेल तर ८० किलोमीटर कधी सुरू झाले हे चालकाला कळणारच नाही.

आणि वर सांगितलेली बारीक स्टेपनी घेतलीत, तर तिच्यासोबत जॅक, पाना आणि बोल्ट घ्यायची आठवण ठेवावी. रनफ्लॅटवर आलेल्या बऱ्याच गाड्यांत यातलं काहीच नसतं, आणि अलॉयचे लांब बोल्ट बारीक पोलादी स्टेपनीला चालतीलच असं नाही. चाकांना चोरी टाळायचे लॉक बोल्ट असतील तर त्यांची चावी हा सगळ्यात लहान आणि सगळ्यात हमखास हरवणारा तुकडा. गाडी सर्व्हिसिंगहून परत आली, की डिकी उघडून ती आपल्या जागी आहे ना, तेवढं बघून घ्यावं.